ब्यूकासलचा दगडी क्रूस (कंब्रिया, इंग्लंड) : उघड्यावर राहू द्यावा की छपराखाली न्यावा?

उत्तरवारा

इंग्लंडच्या अगदी वरच्या टोकाला, स्कॉटलंडच्या हद्दीलगत ब्यूकासल आहे. वस्ती नावापुरती. एक चर्च, एक पडका किल्ला, थोडी शेतघरं आणि चहूकडे मेंढ्यांची कुरणं. तिथल्या सेंट कथबर्ट चर्चच्या आवारात, थडग्यांच्या सोबतीने, एक कोरीव दगडी खांब उभा आहे. उंची साधारण 4.4 मीटर, चौकोनी, वर जाताना निमुळता होत जाणारा. मुळात हा क्रूस. आडव्या हातांचा माथा कधीच गेला, खांब तेवढा राहिला. अभ्यासक त्याचा काळ सातव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत धरतात. म्हणजे आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं तेव्हाचा हा दगड.

पश्चिमेच्या अंगावर माणसं आहेत. सगळ्यात वर कोकरू हातात घेतलेला बाप्तिस्मा करणारा योहान, त्याखाली दोन पशूंवर पाय ठेवून उभा ख्रिस्त, मग रून लिपीतला (उत्तर युरोपातली जुनी, सरळ रेघांची अक्षरं) लांब लेख आणि तळाशी हातावर पक्षी घेतलेला माणूस. पूर्वेला खालपासून वरपर्यंत एकच द्राक्षवेल चढत गेलीय, तिच्या प्रत्येक वळणात एखादा पक्षी नाहीतर प्राणी द्राक्षं खात बसलेला. उत्तरेला गाठींची वेलबुट्टी, आणि मध्येच बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा एक मोठा तुकडा. दक्षिणेला वेलबुट्टीच्याच पोटात अर्धवर्तुळाकार सूर्यघड्याळ. इंग्लंडमधलं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं सूर्यघड्याळ म्हणून त्याचा उल्लेख होतो.

मी कार्लाइलमध्ये राहतो, त्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं. पाऊस, बर्फ, गोठवणारा वारा हे सगळं तो दगड अंगावर घेत असतो. लेखाची अवस्था पाहिली की जीव तुटतो, अक्षरं अक्षरशः विरघळल्यासारखी दिसतात. तरीही माझं मत असं की तो आहे तिथेच, उघड्यावरच राहावा. इथल्या जाणकारांचं काय म्हणणं आहे ते ऐकायचंय, विरुद्ध मत असेल तर ते जास्तच.

निर्मळकर

सुंदर विषय. आम्हा वसईकरांना उघड्यावरचा क्रूस काही नवा नाही. आमच्याकडे वाडीवाडीत क्रूस आहेत आणि मे महिन्यात संध्याकाळी सगळी वाडी तिथे प्रार्थनेला जमते. लहान मुलं पुढे, म्हाताऱ्या बायका चौथऱ्याच्या कडेला टेकलेल्या, पेटीवर गाणी. क्रूस देवळाच्या आत असला तर तो फादरचा, बाहेर असला तर वाडीचा, अशी आमच्या आजीची सोपी व्याख्या होती. म्हणून चर्चच्या आवारात एवढा मोठा क्रूस बाहेर का उभारला हा प्रश्न मला पडलाच नाही. मला पडलेला प्रश्न दुसरा. माथा कोणी पाडला? प्रोटेस्टंटांनी मूर्तिभंजनात तोडला का?

उत्तरवारा

निर्मळकर, बाकीच्या इंग्लंडपुरतं तुमचं बरोबर आहे. मध्ययुगात तिथे जवळपास प्रत्येक चर्चच्या आवारात क्रूस असे. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) मिरवणूक चर्चला वळसा घालून त्याच्यापाशी थांबायची. प्रवचनं, जाहीर दवंडी, प्रायश्चित्त, सगळं तिथेच. अशा उभ्या क्रुसांची संख्या 12,000 च्या वर असावी असा अंदाज आहे, त्यातले आज 2,000 सुद्धा उरलेले नाहीत, आणि उरलेल्यांतल्या कित्येकांना डोकं नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या तोडफोडीत सगळ्यात आधी माथेच गेले. ऑगस्ट 1643 मध्ये तर पार्लमेंटने अध्यादेशच काढला होता, चर्चमधल्या आणि आवारांतल्या क्रुसांसकट सगळ्या मूर्तिपूजक खुणा काढून टाका म्हणून. खेडोपाडी आज जे दिसतं ते बहुतेक वेळा पायऱ्यांचं जोतं, त्यावर चौकोनी खाचेचा दगड आणि त्यात कमरेएवढा तुटका खांब.

ब्यूकासलची गोष्ट मात्र वेगळी. इथला माथा त्या अध्यादेशाच्या आधीच निघालेला होता. जवळच्या नावर्थ किल्ल्याचे लॉर्ड विल्यम हॉवर्ड हे जुन्या वस्तूंचे मोठे शौकीन. ब्यूकासलच्या क्रुसाचा माथा त्यांनी लॉर्ड अरंडेलकडे पाठवला आणि तिथून तो लंडनच्या विद्वानांच्या हाती गेला, अशी सतराव्या शतकाच्या सुरुवातीची नोंद त्या काळचा इतिहासलेखक विल्यम कॅम्डनच्या कागदांत आहे. त्या माथ्यावरही रून अक्षरं होती. पुढे त्याचा मागमूस नाही. म्हणजे तो गेला तो द्वेषापायी नव्हे, आवडीपायी. अभ्यासासाठी म्हणून नेला आणि हरवला. मी 'हलवू नका' म्हणतो त्यामागे ही गोष्ट मोठी आहे.

सायली_डरहॅम

उत्तरवारा, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मी विरुद्ध बाजूने लिहिते. ब्यूकासलचा जुळा भाऊ म्हणावा असा क्रूस हद्दीपलीकडे डम्फ्रीजजवळ रथवेलला आहे. उंची साधारण 5.5 मीटर, काळ तोच, शैली तीच. 1640 साली स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेने ठराव केला आणि पाठोपाठ तो क्रूस पाडून तुकडे केले गेले. काही चर्चच्या जमिनीत राहिले, काही आवारात पडून. पुढे तिथले पाळक हेन्री डंकन यांनी ते वेचून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा जुळवले, हरवलेला आडवा हात 1823 मध्ये नवा करून घेतला. (हे तेच डंकन ज्यांनी 1810 मध्ये रथवेललाच अगदी पहिल्या सेव्हिंग्ज बँकांपैकी एक सुरू केली. गरिबांची चार नाणी असोत की दगडाचे तुकडे, साठवून ठेवण्याची दृष्टी असलेला माणूस.) 1887 मध्ये क्रूस चर्चच्या आत घेतला. छत पुरेना म्हणून जमिनीत खड्डा करून त्यात उभा केलाय.

आणि आज रथवेलची रून अक्षरं वाचता येतात! कडेच्या पट्ट्यांवर जुन्या इंग्रजी कवितेच्या ओळी आहेत. त्या कवितेत क्रूस स्वतःच बोलतो, आपल्यावर प्रभूला कसं चढवलं, आपण कसे थरथरलो पण वाकलो नाही हे सांगतो. याच कवितेचं मोठं रूप इटलीत वर्चेल्ली इथल्या दहाव्या शतकाच्या हस्तलिखितात सापडलं, आणि दोन्हींचा मेळ जॉन केंबल यांनी 1840 च्या सुमारास लावला. ती अक्षरं पुसली असती तर हा दुवा कायमचा गेला असता. ब्यूकासलच्या लेखाचं नेमकं तेच झालं.

आयर्लंडने क्लोनमॅकनॉइजचे मोठे क्रूस 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आत घेतले आणि जागेवर हुबेहूब प्रती उभ्या केल्या. स्कॉटलंडच्या आयोना बेटावर सेंट जॉनचा क्रूस वाऱ्याने वारंवार पडायचा. 1970 पासून बाहेर काँक्रीटची प्रत आहे, मूळ तुकडे संग्रहालयात जोडून ठेवलेत. कोणी म्हणत नाही की आयोनाचं पावित्र्य कमी झालं. 1300 वर्षं टिकला म्हणून पुढची 300 टिकेल हे गृहीत धरणं मला धोक्याचं वाटतं.

छिन्नी_हातोडी

मी दगडाच्या जतनाचं काम करतो, त्यामुळे थोडं दगडाच्या बाजूने.

हा वालुकाश्म आहे. आपल्याकडच्या बेसाल्टची सवय झालेल्या माणसाला हा दगड किती वेगळा वागतो ते चटकन लक्षात येत नाही. बेसाल्ट घट्ट, पाणी फारसं पीत नाही. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा नैसर्गिक चिकटा. मधल्या पोकळ्यांतून पाणी आत शिरतं. रात्री गोठलं की फुगतं, सकाळी वितळतं, पुन्हा गोठतं. एका हिवाळ्यात असं किती वेळा होतं याचा विचार करा. शिवाय पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाच्या थोडं आत साचतात आणि पापुद्रे सुटायला लागतात. कोरीवकामाची धार आधी बोथट होते, कारण टोकांवर तीन बाजूंनी मारा असतो. खोल कोरलेल्या आकृत्या त्यामानाने टिकतात, उथळ अक्षरं जातात. त्यामुळे ख्रिस्त दिसतो आणि त्याच्याखालचा लेख वाचता येत नाही, यात नवल नाही.

दगडफूल काढून टाका अशी सूचना हमखास येते. घासून काढू नये. त्याचे धागे कणांच्या मध्ये गेलेले असतात, ते उपटलं की दगडाचा वरचा थरही सोबत येतो.

आता सायलीताईंच्या मुद्द्याकडे. रथवेल तुटलेलाच होता, तुकडे उचलून आत नेणं शक्य होतं. ब्यूकासलचा खांब अखंड आहे, खालच्या दगडी बैठकीत बसवलेला. एवढा उंच, एवढा जुना, आतून कुठे चिरलाय हे बाहेरून न कळणारा दगड बैठकीतून उपसायचा म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का त्याला आपणच द्यायचा. अशक्य नाही. पण हवामान 100 वर्षांत करील ते नुकसान एका दुपारी होऊ शकतं.

तिसरा रस्ता काचेचा. स्कॉटलंडमध्ये फॉरेस गावाजवळ सुएनोची शिळा आहे, 6.5 मीटर उंच. तिला जागेवरच जाड काचेच्या पेटीत ठेवलंय. पाऊस थांबतो, पण काचेच्या आत दमट हवा आणि उष्णता यांच्याकडे सतत बघावं लागतं, आणि पाहणाऱ्याला कोरीवकामाऐवजी आभाळाचं प्रतिबिंब दिसतं. मला विचाराल तर आधी बारकाईची त्रिमितीय मोजणी, ठराविक वर्षांनी तीच मोजणी पुन्हा, आणि झीज किती वेगाने होतेय ते कळल्यावरच पुढचा निर्णय.

घाटमाथा

छिन्नी_हातोडी यांचा प्रतिसाद वाचून आपले वीरगळ आठवल्याशिवाय राहिले नाहीत. विषय इंग्लंडचा आहे, म्हणून थोडक्यातच. वीरगळही खालून वर चौकटीचौकटीने वाचायचा, आणि वर चंद्र-सूर्य. आपण काय केलं? शेताच्या बांधावर, वेशीवर, लढाई झाली तिथे उभे असलेले वीरगळ उचलले आणि देवळासमोर भिंतीला टेकवून रांगेत लावले. हेतू चांगलाच होता. दगड वाचले. पण कोणता वीर कोणत्या वाटेवर, कोणत्या खिंडीपाशी पडला हे सांगणारं त्या दगडाशिवाय दुसरं काहीच नव्हतं, आणि ते गेलं. आता नोंद करायला गेलं की गावकरी सांगतात, 'पूर्वी तिकडे कुठंतरी होते.'

म्हणून विचारतो. ब्यूकासलचा क्रूस मूळ जागीच आहे याची खात्री आहे का? तसं असेल तर माझं मत उत्तरवारांच्या बाजूने.

उत्तरवारा

घाटमाथा, तुमच्या प्रश्नानेच मुद्दा पुढे जातो. तो मूळ बैठकीतच उभा आहे असं मानलं जातं, आणि जागाही साधीसुधी नाही. चर्च, थडगी, किल्ला, सगळं एका रोमन गडाच्या आत आहे. रोमनांनी हद्दीवर बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीपासून 10 किलोमीटर उत्तरेला, शत्रूच्या अंगणात पुढे काढलेली चौकी. रोमन गड सहसा खेळायच्या पत्त्याच्या आकाराचे लांबट चौकोनी असतात, हा चक्क षट्कोनी आहे, कारण टेकाडाचा माथा तसा होता. इथे कोसिडियस या स्थानिक देवाची पूजा चालायची, त्याची चित्रं असलेले चांदीचे पत्रे इथेच सापडले. ते आता कार्लाइलच्या टली हाउस संग्रहालयात आहेत. अशा जागी ख्रिस्ताला पशूंवर उभं करणारा क्रूस रोवला गेला. गडाचे दगड पुढे चर्चला लागले, किल्ल्याला लागले. क्रूस तेवढा जागचा हलला नाही.

आणि आता सूर्यघड्याळ. सायलीताई, मला वाटतं तुमच्या सगळ्या मुद्द्यांना या एका तुकड्यात उत्तर आहे.

दक्षिणेच्या अंगावर, बऱ्याच वर, वेलबुट्टीत एक अर्धवर्तुळ आहे. व्यासाच्या मध्यावर भोक. त्यात आडवी काडी खोचलेली असणार, ती आता नाही. भोकापासून खाली पंख्यासारख्या रेघा निघतात. दिवसाचे 12 भाग, त्यातल्या काही रेघा ठळक, प्रार्थनेच्या वेळांच्या. बरोबर दुपारी सावली सरळ खाली पडते, वर्षाच्या कुठल्याही दिवशी. बाकीच्या वेळा अंदाजाच्या, कारण इथे 'तास' ऋतूप्रमाणे लांब-आखूड व्हायचा. 55 अंश अक्षांशावर जूनमध्ये दिवस 17 तासांहून मोठा, म्हणजे बाराव्या हिश्शाला 85 मिनिटं. डिसेंबरमध्ये दिवस 7 तासांच्या थोडा वर, म्हणजे तोच हिस्सा 35-36 मिनिटांचा. शिवाय उन्हाळ्यात सूर्य ईशान्येला उगवतो, त्यामुळे सकाळचे पहिले काही तास आणि संध्याकाळचे शेवटचे काही तास या अंगावर ऊनच नसतं. ज्याने हे कोरलं त्याला हे माहीत होतं, रोज बघत असणार.

म्हणजे हा दगड चार दिशांना बांधलेला आहे. ख्रिस्त मावळतीकडे तोंड करून, घड्याळ दक्षिणेला. तो आत नेला तर मूर्तिकाम वाचेल, पण घड्याळ हे घड्याळ राहणार नाही. छपराखालचं सूर्यघड्याळ कोरलेलं अर्धवर्तुळ होऊन बसतं. प्रत बाहेर ठेवा म्हणाल, तर मग प्रतीवर वेळ दिसेल आणि मूळ दगड अंधारात.

अक्षरवेल्हाळ

लेखाबद्दल लिहिते, कारण 'पावसाने पुसला' एवढ्यावर ती गोष्ट संपत नाही.

काही शब्द आजही नीट वाचता येतात. ख्रिस्ताच्या डोक्यावर 'गेस्सुस क्रिस्टुस', म्हणजे येशू ख्रिस्त. उत्तरेच्या अंगावर दोन चौकटींच्या मधल्या अरुंद पट्टीत 'किनिबुर्ग', हे बाईचं नाव. एवढ्या जुन्या क्रुसावर बाईचं नाव असणं हेच मला फार मोलाचं वाटतं. पश्चिमेच्या मोठ्या लेखात 'हे विजयचिन्ह अमुकतमुकांनी अमक्याच्या स्मरणार्थ उभारलं' अशा धर्तीचा मजकूर असावा, पण ओळी भयंकर झिजल्यात.

1850 च्या दशकात इथले पाळक जॉन मॉन यांनी दगड साफ करून लेख वाचायचा चंगच बांधला. त्यांना त्यात राजपुत्र अल्कफ्रिथचं नाव दिसलं, राजा एकफ्रिथचं पहिलं वर्ष दिसलं, आणि त्यावरून क्रूस 670 सालचा ठरला. चित्र फारच छान जुळत होतं, कारण इतिहासात नॉर्थंब्रियाच्या (हा भाग तेव्हा ज्या राज्यात होता त्या) अल्कफ्रिथची बायको होती शेजारच्या मर्सिया राज्याच्या पेंडा राजाची मुलगी किनिबुर्ग! पुस्तकांतून ही तारीख पिढ्यानपिढ्या फिरली. पण मॉन यांनी वाचन पुन्हापुन्हा बदललेलं होतं. त्यांच्यावर विसंबून इतिहास रचता येणार नाही हे रून लिपीचे अभ्यासक आर. आय. पेज यांनी 1960 मध्ये नीट मांडलं. आज काळ ठरवतात तो कोरीवकामाच्या शैलीवरून.

मला मॉन यांच्यावर राग नाही. स्वतःच्या दारातल्या दगडासाठी आयुष्य वेचणारा माणूस होता तो. पण झीज मोजताना पावसाबरोबर माणसाचे हातही मोजा. दगड साफ करणारे, ठसे घेणारे, अक्षरांत बोट फिरवणारे. आत नेलेल्या दगडाला ऊन-पाऊस लागत नाही, हात मात्र जास्त लागतात.

सायली_डरहॅम

सूर्यघड्याळाचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण मी पूर्ण बाजू बदलणार नाही, कारण सांगते.

तळाच्या चौकटीतला माणूस बघा. कोणी म्हणतं हा संत योहान आणि त्याचा गरुड, चार शुभवर्तमानकारांच्या चिन्हांपैकी. कोणी म्हणतं हा ससाणा घेतलेला सरदार, ज्याच्या स्मरणार्थ क्रूस उभारला तो. मी ससाण्याच्या बाजूची, कारण पक्षी डाव्या मनगटावर आहे आणि त्याच्या खाली बसायची दांडीही कोरलीय. संताच्या गरुडाला दांडी कशाला लागेल? पण ती दांडी, पक्ष्याची चोच, माणसाचा चेहरा हे सगळं आता इतकं गुळगुळीत झालंय की वाद मिटवता येईल असा पुरावाच विरत चाललाय. दिशा आणि सावली पुन्हा मांडता येतात, त्यासाठी गणित आहे. विरलेली चोच पुन्हा मांडता येत नाही.

प्रतीबद्दल एक. कार्लाइलच्या दक्षिणेला रे नावाच्या गावात सेरा लॉश या विलक्षण बाईंनी 1835 मध्ये आईवडिलांच्या स्मरणार्थ ब्यूकासलच्या क्रुसाची प्रत उभारली, हरवलेल्या माथ्यासकट. माथा अर्थात त्यांच्या कल्पनेतला. म्हणजे 'प्रत म्हणजे फसवणूक' असं मानायचं कारण नाही. प्रेमाने केलेली प्रतही स्वतःचं आयुष्य जगते.

छिन्नी_हातोडींचा 'आधी मोजा' हा सल्ला मात्र मला शंभर टक्के पटतो. झीज वेगाने होतेय असं दिसलं तर उत्तरवारांनी हट्ट सोडावा, हळू असेल तर मी सोडीन.

छिन्नी_हातोडी

हे कबूल असेल तर मधला मार्गही सुचवतो. हिवाळ्यापुरतं, गोठण्याच्या महिन्यांत, हवा खेळती ठेवणारं तात्पुरतं आवरण. युरोपात संगमरवरी पुतळ्यांना असं झाकतात. बैठक हलवायची नाही, दगडाला स्पर्श नाही, आणि सूर्यघड्याळाला उन्हाळा पूर्ण मोकळा. अडचण वाऱ्याची. त्या उघड्या टेकाडावर आवरण फडफडून दगडाला घासलं तर उलटाच परिणाम. त्यामुळे चौकट दगडापासून लांब, जमिनीत स्वतंत्र रोवलेली हवी, आणि रोमन गडाच्या जमिनीत खड्डा घ्यायचा म्हणजे पुरातत्त्वाची परवानगी आलीच.

निर्मळकर

धाग्यातून खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. माझी भाची न्यूकासलला शिकायला आहे, तिला घेऊन जायचा विचार आहे. कसं जायचं, कधी जायचं, तिथे पूजा-प्रार्थना अजून चालते का? आणि घाटमाथांना सांगणं, तुम्ही म्हणता तशी रांगेत लावलेली जुन्या थडग्यांची दगडं आमच्याकडेही आहेत. त्यावर वेगळा धागा काढा, मी फोटो देतो.

घाटमाथा

नक्की काढतो. फोटोंबरोबर दगड पूर्वी कुठे होता हे सांगणारं वाडीतलं कोणी जुनंजाणतं माणूस असेल तर त्यांचं म्हणणं आधी लिहून घ्या. ते सगळ्यात निकडीचं.

उत्तरवारा

निर्मळकर, न्यूकासलहून ट्रेनने ब्रॅम्प्टन किंवा कार्लाइलला या, पुढे गाडीशिवाय गत्यंतर नाही. रस्ता एका गाडीपुरता अरुंद, वळणांवर मेंढ्या. चर्च अजून चालू आहे, प्रार्थना असेल तर ती होईपर्यंत थांबा. बाजूला छोटं प्रदर्शन आहे, ते आधी बघा म्हणजे कुठल्या अंगावर काय शोधायचं ते कळतं.

वेळ निवडताना मावळतीच्या आधीचा तास-दीड तास धरा. पश्चिमेच्या अंगावर ऊन तिरकं पडलं की ढगाळ दुपारी सपाट दिसणारा दगड एकदम उठून येतो. ख्रिस्ताच्या वस्त्राच्या चुण्या, पायाखालच्या पशूंची तोंडं, आणि डोक्यावरची अक्षरं. भाचीला सांगा, मोबाइलचा दिवा बाजूने, दगडाला समांतर धरला तर लेखातल्या काही उभ्या रेघा ढगाळ हवेतही सापडतात. हात लावायचा नाही एवढं सांभाळा. दक्षिणेची बाजू मात्र दुपारी बघा. काडी नसली तरी भोक आणि रेघा तेव्हाच नीट दिसतात. आणि शक्य झाल्यास परतताना नाहीतर दुसऱ्या दिवशी रथवेल करा. सायलीताईंचा आणि माझा वाद तुम्हाला तिथे स्वतःच्या डोळ्यांनी तोलता येईल. बघून आल्यावर तुमचं मत इथे लिहा.